गारदसाहेबांचा बर्फ

वैशाखातल्या भर दुपारी गोंदियाच्या स्टेशनाबाहेर एखादा म्हातारा उघड्या डोक्यानं चाललेला दिसला आणि त्याची छत्री हातगाडीवरच्या ओल्या पोत्यावर धरलेली असली, तर त्याला वेडा समजू नका. ते आमचे शेजारी गारदसाहेब. पोत्यात भुश्शात गुंडाळलेला बर्फ असतो, नागपूरहून पार्सलच्या डब्यातून आलेला. "उन्हानं मी वितळत नाही बापू, तो वितळते," एवढंच त्यांचं शास्त्र.

नाव गणपतराव बिसेन. पण उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्डकी करण्यात काढला, म्हणून गारद. पेन्शन लागली तरी गळ्यातली शिट्टी उतरली नाही. जेवायला बसताना शिट्टी, उठताना शिट्टी. एखादी गोष्ट करायची नसली की म्हणत, "सिगनल नाही." मी स्वराज्याची पत्रकं घेऊन गेलो की सिगनल कधीच पडलेला नसे.

"सरकारची भाकर खाल्ली मी. तुमचा कागद ठेवून जा, चुलीले कामी येईल."

धिक्कार असो! त्यांचा आइसक्रीमचा पॉटसुद्धा विलायती. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, वर फिरवायची मूठ. विदेशी मालाच्या होळीसाठी मी तो मागितला, तर म्हणाले, "बर्फाच्या भांड्यानं होळी पेटते का कुठं? शिकला काऊन तू?"

त्या पॉटवर अधिकार दोघांचाच. एक ते स्वतः, दुसरी त्यांची पाच वर्षांची नात मैना. मुलगी बाळंतपणात गेली, तेव्हापासून नात त्यांच्याकडेच. शिट्टी झाली की मैना दोन्ही हातांनी मूठ फिरवायला लागे.

"आबाजी, हात दुखून राहिला!"

"गाडी घाट चढून राहिली. थांबायचं नाही!"

मग मैना तोंडानं वाफ सोडत घाट चढे.

आमचे कार्यकर्ते पकडले गेले त्या आठवड्यात मी बाजारात हरताळ घडवून आणला. एक दुकान उघडं नव्हतं. ते वैभव दाखवायला मी गारदसाहेबांकडे गेलो, तर अंगणात त्यांचे जावई ट्रंक बांधून बसलेले. रायपूरला दुसरं लग्न केलं होतं, आता मुलीला न्यायला आले होते. मैना पॉटला मिठी मारून बसली होती. आइसक्रीम खाल्ल्याशिवाय गाडीत बसणार नाही, म्हणत होती. बर्फ होता, आटवलेलं दूध होतं, आंब्याचा रस होता. खडेमीठ तेवढं नव्हतं. बर्फात मीठ नसलं तर डब्यातलं दूध जमत नाही.

"मी काय करू जावईबापू? या पोट्ट्यायनं बाजार बंद केला." आणि माझ्याकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा: "चांगला आहे तुमचा हरताळ. उद्याबी ठेवा."

माझी छाती फुगली. असा कट्टर राजनिष्ठ वळला म्हणजे स्वराज्य दारात आलं!

इतक्यात मैना रडवेली होऊन म्हणाली, "आबाजी, बर्फ मरून राहिला."

मला राहवलं नाही. मी एका व्यापाऱ्याचं मागचं दार ठोठावलं.

"भैयाजी, हड़ताल तो आपने ही करवाई है!"

"मालूम है. दो सेर खड़ा नमक दो."

तेही कर भरलेलं मीठ. त्या करावर मी तीन पत्रकं लिहिली होती. त्याच पत्रकांखाली पिशवीत दडवून ते आणलं.

"गारदसाहेब, मीठ!"

धावत्या गाडीची साखळी ओढणाऱ्याकडे गार्ड पाहतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मैना टाळ्या पिटत होती. तिच्याकडे बघून ते उठले. एक थर बर्फ, एक मूठ मीठ, असं स्वतःच्या हातानं भरलं. शिट्टी ओठांना लावली, पण वाजेना.

"आबाजी, शिट्टी!"

वाजवली. आइसक्रीम असं जमलं की चमचा उभा राहिला. मैनानं दोन वाट्या खाल्ल्या. गाडीही वेळेवर आली. या राज्यात नको ते सगळं वेळेवर असतं.

डब्यात चढताना जावई मला म्हणाले, "मीठ आणलंत, बरं झालं. मामाजींनी अट घातली होती, आज पोरगी राजीखुशी निघाली नाही तर पाऊसपाणी सरेपर्यंत राहू द्या. मी कबूलही झालो होतो."

मी स्टेशनावरून सरळ गारदसाहेबांच्या अंगणात गेलो. ते पॉट धूत होते. शिव्या खायच्या तयारीनंच उभा राहिलो.

"बस," ते म्हणाले. बादलीतलं खारट पाणी ओतून देत विचारलं, "तुमचा पुढचा हरताळ कधी?"

"ठरला नाही. का?"

"जावई दिवाळीत पोरीले आणतो म्हनते. भाऊबीज झाली का निघतीन. त्या दिवशी ठेव." डबा पालथा घालून हातातलं फडकं पिळत ते पुढं म्हणाले, "अन् मागची दारं बी बंद करायले सांग."