भुकेचं औषध

पिठलीनं सलग तिसऱ्या दिवशी ताटलीला पाठ फिरवली, तेव्हा छबुबाईंनी तिला कापडी पिशवीत घातलं आणि बीडची बस धरली.

पिठली ही त्यांची बारा वर्षांची मांजर. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं तरी कोण? पण लोकांना कुठं कळतंय! बसमध्ये एक जण मोठ्यानं म्हणाला, "दावणीची गुरं जगंनात, अन् बाई मांजरीला दवाखान्यात न्यायल्यात." छबुबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो मुकाट्यानं मांजरसुंब्यालाच उतरला. तिकीट त्याचं बीडचं होतं.

डॉक्टरांनी पिठलीला तपासलं. "मूत्रपिंडं थकलीत हिची. ती काही नव्यानं मिळत नाहीत. पण पोटात अन्न गेलं तर अजून वर्ष-दीड वर्ष मजेत काढील. नाही गेलं, तर मात्र..."

पाच गोळ्या मिळाल्या. एका गोळीचे आठ तुकडे करायचे आणि एक दिवसाआड एक तुकडा द्यायचा. कंपाउंडरनं पाकिटावर ठसठशीत अक्षरात लिहून दिलं, 'भुकेचं औषध'. पहिला तुकडा पोटात गेला आणि संध्याकाळी पिठलीनं ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. छबुबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेजारच्या दगडाबाईला मात्र ही बातमी पचली नाही. "अगं बया! माणसाच्या पोटाला चिमटा बसलाय, अन् तू मांजरीची भूक वाढवायलीस?"

"तुझ्या ताटातलं खाती का ती? आजारी जीव हाय!"

"गावात ऐकलं तर लोक शेण घालतील तोंडात."

"घालू दे की. शेण तरी कुठं ऱ्हायलंय गावात?"

हे मात्र खरं होतं. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. कडबा संपला, दूध आटलं, दूध संस्थेच्या कॅनमध्ये कोळ्यांनी जाळी धरली. पाटोदा तालुक्यातल्या गावागावाला चारा छावणी मिळाली आणि नेमकं हेच गाव यादीतून गळालं. तेव्हा, पिठलीनं पहिला तुकडा खाल्ला त्याच दिवशी, संस्थेचे चेअरमन बंकटराव भडकले आणि छावणी मंजूर होईपर्यंत आमरण उपोषण म्हणून संस्थेच्या दारात बसले. सेक्रेटरी गहिनीनाथनं मांडव घातला. गावानं आपली गुरं आणून मांडवाशेजारीच बांधली, सरकारला दिसावीत म्हणून. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी ती गुरं.

बंकटराव छबुबाईंचे चुलत दीर. एका बैठकीला सात भाकरी खाणारा माणूस! त्यानं अन्न सोडलं म्हटल्यावर छबुबाईंनाही अभिमान वाटला. संस्थेला संडास नव्हता, म्हणून बंकटरावांची ये-जा समोरच्या छबुबाईंच्या घरी असायची. दुसऱ्या दिवशी ती जरा जास्तच वाढली. छबुबाईंना वाटलं, उपाशी पोटाला पाणी सोसत नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिठलीचा तुकडा काढायला त्यांनी कोनाड्यातलं पाकीट उघडलं. आत काही म्हणजे काही नव्हतं.

त्या तरातरा दगडाबाईच्या दारात गेल्या. "काढ माझ्या गोळ्या!"

"मी कावून घेऊ तुझ्या गोळ्या?"

"मांजरीवर डोळा हाय तुझा!"

"अगं, हाय ती भूक भागंना. असल्या दुष्काळात भूक वाढवायचं औषध चोरील, असा येडा कोण हाय का गावात?"

मुद्दा बिनतोड होता.

"अन् तुझ्या घरात घडोघडी येतंय कोण?" दगडाबाईनं मांडवाकडे हनुवटी उडवली.

मांडवात ही गर्दी! दिवसाढवळ्या बंकटराव गळ्यात झेंडूचा हार घालून आडवे पडले होते आणि हलवूनही जागे होत नव्हते. "चेअरमनची शुद्ध हरपली," असं गहिनीनाथ रडवेल्या आवाजात तहसीलला फोनवर सांगत होता. छबुबाई जवळ गेल्या. शुद्ध हरपलेला माणूस चक्क घोरत होता. त्यांनी त्याच्या दंडाला कचकचीत चिमटा काढला.

"भावजी, पिठलीच्या गोळ्या तुमी खाल्ल्या?"

बंकटरावांनी एक डोळा उघडला. "हळू बोला, वहिनी."

"खाल्ल्या का न्हाई?"

"पाकिटावर भुकेचं औषध लिवलंतं. तापाच्या औषधानं ताप जातो. खोकल्याच्या औषधानं खोकला जातो. मला वाटलं, भुकेच्या औषधानं..."

"गेली मग भूक?"

"कशाची जाती! लई खवळली. मला वाटलं औषध कमी पडलं, म्हणून आनखी एक घेतली. मग तर आतडी पिळायली. म्हणून आनखी एक."

"चारी?"

"तुकडेबी," बंकटराव डोळे मिटत म्हणाले. "वहिनी, त्या गोळ्यांनी झोप लई यायली, अन् झोपलं की सपनात नुस्त्या भाकरीच यायल्यात."

काय हा माणूस! छबुबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. तिकडं ती मुकी पिठली उपाशी, आणि तिच्या तोंडचं हिरावून हा इथं हार घालून घेतोय! साऱ्या गावासमोर याचं सोंग उघडं पाडायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी बांधलेल्या गाईनं त्यांचा पदर चघळायला घेतला. गाय दगडाबाईची होती. उपोषणाचं हसू झालं, तर छावणी गेली, आणि छावणी गेली तर या सगळ्या दावणी रिकाम्या. छबुबाईंनी पदर सोडवला आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्द गिळला. फार कडू लागला तो.

तासाभरानं तहसीलदारांची जीप आली. गहिनीनाथनं चेअरमनला धरून बसवलं. साहेब म्हणाले, "चेअरमन, तब्येत कशी आहे?"

बंकटरावांचं ध्यान भलतीकडंच होतं. त्यांची नजर गळ्यातल्या हारावर खिळली होती. त्यांनी एक झेंडू तोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. मग दुसरा. तिसऱ्याला साहेबांचा धीर सुटला.

"अहो, माणूस फुलं खायला लागला! यांना काही झालं तर मी काय तोंड दाखवू?" असं ओरडत त्यांनी कलेक्टर साहेबांना फोन लावला. दुपारपर्यंत मंजुरीचं पत्र हातात आलं. बंकटरावांनी लिंबूपाणी घेतलं आणि मागोमाग अकरा भाकरी खाल्ल्या. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. "किती सोसलं बिचाऱ्यानं!" बिचाऱ्यानं! छबुबाई तणतणत घरी गेल्या. पिठली ताटलीकडे बघायलाही तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी छावणी उघडली, तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढं छबुबाई होत्या, काखेत पिठली.

"नोंद करा."

गहिनीनाथनं कपाळाला हात लावला. "काकू, छावणी गुरांची हाय."

"पत्रात काय लिवलंय, वाच."

"गावातील पशुधन व इतर जनावरांसाठी."

"मग ही काय झाड हाय? अन् छावणीत सरकारी डॉक्टर यायचाय का न्हाई रोज?"

"यायचाय. पण काकू, लोक काय म्हणतील?"

"लोक? सांगू का लोकांना?" छबुबाईंनी बंकटरावांकडे बघून नुसता घसा खाकरला.

"लिही बे," बंकटराव घाईनं म्हणाले. "लहान जनावर, एक. वाद कशाला घालायलास?"

दुपारी सरकारी डॉक्टर आले. गाई-बैल तपासता तपासता त्यांच्यापुढं पिठली आली. ते हसणार होते; पण छबुबाईंचा चेहरा बघून त्यांनी बीडच्या डॉक्टरांचा कागद मुकाट वाचला.

"गोळ्या संध्याकाळच्या जीपनं पाठवतो, बाई. पण हे औषध मी कधी वापरलं नाही. भूक खरंच वाढते का हो यानं?"

"मला काय विचारता?" छबुबाई कडाडल्या. "चेअरमनला विचारा."

सगळी छावणी चेअरमनकडे बघायला लागली. बंकटरावांनी हातातली भाकरी हळूच पाठीमागं नेली.

"लई वाढती, साहेब," ते म्हणाले. "पण एका टायमाला तुकडाच द्या."