टिपणरावांच्या घरचे कार्य

टिपणरावांनी त्या शुक्रवारी 'आत्ता' हे बटण दाबले नसते, तर आजही ते दर रविवारी आपल्याच घरात पाय पसरून बसले असते. पण दाबले.

तुम्ही म्हणाल, बटणाचे काय एवढे, माणूस दिवसभर काही ना काही दाबतच असतो. पण टिपणराव बटणांच्या बाबतीत फार जपून वागणारे गृहस्थ. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत ते हेडक्लार्क. त्यांच्या कॉम्प्युटरवर "ईमेलची नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता की नंतर?" अशी पाटी रोज सकाळी यायची आणि ते 'नंतर' म्हणून तिची बोळवण करायचे. त्या दिवशी मात्र साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांच्या एका पत्राची तारीफ केली (पत्रात चूक सापडली नाही, एवढीच तारीफ होती, पण आमच्या माणसाला तेवढी पुरते) आणि त्या भरात त्यांच्या बोटाने 'आत्ता'वर उडी घेतली. पाठोपाठ दुसरी पाटी आली, "भाषा?" यादीत मराठी दिसताच टिपणरावांची छाती फुगली. मातृभाषेला नाही कसे म्हणायचे? त्यांनी मराठी निवडली आणि ऐटीत चहा प्यायला गेले.

परत आले तर पट्टी गायब!

ही पट्टी म्हणजे टिपणरावांचा जीव की प्राण. स्क्रीनच्या उजव्या कडेला ती उभी असायची. आलेली ईमेल माऊसने ओढून तिच्यात टाकली, की त्या ईमेलचे एक काम व्हायचे. काम उरकले की पुढच्या चौकोनात टिक करायची, म्हणजे त्यावर रेघ पडायची. कानांनी ऐकलेले टिपणरावांच्या डोक्यात कधी टिकत नसे. पट्टीत पडलेले मात्र सुटत नसे. त्यांच्या बायकोनेही लग्नानंतर बरीच वर्षे तोंडाची वाफ दवडून झाल्यावर हा मार्ग पत्करला होता. स्वयंपाकघरातून हाक मारण्याऐवजी ती सरळ ईमेल टाकायची. घरात दोघांचे पटते कसे, असे शेजारी विचारत, तेव्हा टिपणराव म्हणत, "पट्टीमुळं."

आणि आता पट्टीच्या जागी पांढरीफटक भिंत होती.

त्यातच संध्याकाळी घरी पाऊल टाकताच बायकोने विचारले, "रविवारचं लक्षात आहे ना?"

"म्हणजे काय!" टिपणराव म्हणाले. (रविवारचे काय, हे त्यांना औषधालाही आठवत नव्हते.)

"नक्की ना? एवढं एकच मागितलंय मी तुमच्याकडं."

बायको हे हसत म्हणाली असती, तर टिपणराव घाबरले नसते. पण ती थकलेली होती. एका वॉशिंग मशीनच्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. सकाळपासून लोक तिच्यावर ओरडायचे आणि ती सगळ्यांना "समजू शकते, सर" म्हणायची. घरी आली की कानातली कुडीसुद्धा तिला जड व्हायची. अशा बायकोने एकच गोष्ट मागावी आणि ती आपल्याला आठवू नये, याची टिपणरावांना मनापासून लाज वाटली. खरे बोलावे असे वाटलेही. पण 'म्हणजे काय' असे ठणकावून झाल्यावर मागे कसे फिरायचे?

शनिवारी ऑफिस उघडताच त्यांनी सिस्टीमवाल्याला गाठले. कॉम्प्युटर बिघडले की येणारा आणि ते आणखी बिघडले की जाणारा हा तरुण ऑफिसात याच नावाने ओळखला जाई.

"माझी पट्टी कुठाय?"

"काढून टाकली, काका. कंपनीनंच काढली. कोणी वापरत नव्हतं."

"मी वापरत होतो!"

"हो, म्हणजे तुमच्याशिवाय कोणी."

टिपणरावांचा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. त्याने कुठलेसे एक पान उघडून दिले आणि तो दुसऱ्या टेबलाकडे पळाला. पानावर शुद्ध मराठीत लिहिले होते: "आपली प्रलंबित कार्ये पुनरुज्जीवित करावयाची आहेत काय?" टिपणरावांनी 'होय' दाबले. "संबंधितांस कळवावे काय?" इथे ते थबकले. मग त्यांना एक नामी युक्ती सुचली. संबंधितांत बायकोही आली. तिला आठवण गेली, की ती आपणहून काहीतरी बोलेल, आणि आपल्याला काम काय ते समजेल! त्यांनी पुन्हा 'होय' दाबले. स्क्रीन जराशी थरथरली आणि "धन्यवाद. आनंद आहे." असे म्हणून गप्प झाली. पट्टी काही आली नाही.

संध्याकाळी बायकोने आपला मोबाइल बंद करून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातले. त्यावरूनही टिपणरावांना काही उमगले नाही.

रविवारी सकाळी ती खिडकीपाशी खुर्ची ओढून चहाचा कप घेऊन बसली. चेहऱ्यावर असे काही समाधान, की टिपणरावांचे धाबेच दणाणले. बायको काहीतरी व्हायची वाट बघत होती. काय ते ठाऊक नाही, तेव्हा सुचेल ते सगळेच करून टाकावे असा निश्चय त्यांनी केला. आधी त्यांनी माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली काढले. त्यातले बरेच आपसूक आले. मग नळावर हातोडी मारून पाहिली. शेवटी शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणून, कधीचा टेकून ठेवलेला आरसा लावण्यासाठी ते भिंतीला भोक पाडू लागले.

घर्रर्रर्र!

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, हे आज?"

"मग! तूच नव्हतं का सांगितलंस?"

ती काहीतरी म्हणणार, तेवढ्यात बेल वाजली.

टिपणरावांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांनी दार उघडले. बाहेर त्यांचाच मुलगा, म्हणजे टिपणरावांचा मेहुणा, परगावाहून रात्रभर बसने प्रवास करून आला होता. डोळे सुजलेले, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. आईला बघताच त्याने किंकाळी फोडली.

"अरे, ओरडतोस काय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई! तू... तू आहेस?"

"मग कुठं जाणार? चष्मा नाही मला, बाहेर पडता येत नाही."

त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिले होते: "टिपणराव यांनी आपणास पुढील कार्यास आमंत्रित केले आहे. कार्य: सासूबाई. वेळ: रविवार सकाळ. स्थळ: घर."

घडले होते ते असे. आईचा चष्मा दुकानातून आणा, अशी ईमेल मेहुण्याने कधीतरी पाठवली होती आणि टिपणरावांनी ती 'सासूबाई' एवढ्याच नावाने पट्टीत टाकली होती. नव्या आवृत्तीने काम या शब्दाचे 'कार्य' करून टाकले, ज्या कामाला तारीख नव्हती ते रविवारावर ढकलले, आणि ईमेल पाठवणाऱ्याला आमंत्रण धाडले.

"ताईचा फोन बंद लागला, तेव्हाच मी समजलो," मेहुणा म्हणाला आणि चष्मा नसलेल्या आईच्या गळ्यात पडून नव्याने रडू लागला.

त्याला पाणी देतात न देतात तोच जिन्यात भांडी वाजली. टिपणरावांची थोरली वहिनी दोन हमालांना घेऊन वर येत होती. मागे तिने दिलेली भांडी परत करा, या ईमेलचे 'कार्य: भांडी' झाले होते.

"भाऊजी, घरात कार्य काढलंत आणि साधा फोन नाही? बरं ते जाऊ दे. तुमच्याकडं मोठी पातेली नसणार म्हणून आणखी घेऊन आले. मुलगी कोणाची? मुलगा काय करतो?" एवढ्यात तिला रडणारा मेहुणा दिसला. तिने आवाज खाली आणला. "अगंबाई. पाठवणीसुद्धा झाली वाटतं?"

मागोमाग प्लंबर आला. नवा शर्ट, सोबत बायको, हातात मिठाईचा पुडा. गळती थांबवायचा खर्च कळवणाऱ्या त्याच्या ईमेलचे 'कार्य: गळती' झाले होते, पण त्याला ते खटकले नव्हते. "इतक्या घरांचे नळ बसवले, साहेब," तो सद्गदित होऊन म्हणाला, "पण कार्याला बोलावणारे तुम्ही पहिलेच." त्याला खरे सांगायचा धीर टिपणरावांना झाला नाही. मग साहेब आले, तेही कोट घालून. त्यांना 'कार्य: साहेब' मिळाले होते आणि आपला सत्कार आहे या समजुतीने त्यांनी उत्तराचे भाषण लिहून आणले होते. आणि त्यांच्या पाठोपाठ, लिफ्ट बंद म्हणून तक्रारी करणाऱ्या झाडून सगळ्या इमारतींचे रहिवासी 'कार्य: लिफ्ट'चा मोबाइल नाचवत आणि धापा टाकत जिना चढू लागले. (टिपणरावांच्या इमारतीची लिफ्टही बंदच होती. देखभाल त्यांच्याच कंपनीकडे.)

घरात मुंगीला जागा राहिली नाही. वहिनी पातेली मोजून घेत होती, मेहुणा हुंदके देत होता, साहेब घसा साफ करत होते आणि रहिवासी टिपणरावांना जाब विचारत होते. टिपणरावांच्या हातात अजून ड्रिलच होते. गर्दीत सिस्टीमवालाही दिसला. पट्टी लवकरच जाणार, अशी त्याची जुनी ईमेल टिपणरावांनी पट्टीतच टाकून ठेवली होती, म्हणून त्याला 'कार्य: पट्टी' आले होते.

आणि या सगळ्यांच्या मधोमध बायको उभी होती, थंड झालेला चहा हातात घेऊन.

"सगळ्यांना आमंत्रण आलंय," ती म्हणाली. "मला एकटीलाच कसं नाही आलं?"

कपाट उघडून तिने मोबाइल काढला आणि सुरू केला. खरेच, काही नव्हते. सिस्टीमवाल्याने तो आणि टिपणरावांचा असे दोन्ही मोबाइल हातात घेतले, थोडी बोटे चालवली आणि निष्पाप चेहऱ्याने म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम. आमंत्रण फक्त न झालेल्या कामांचं जातं. तुमचं काम काकांनी केलंय. सोमवारीच टिक केलीय. ईमेल आली त्याच मिनिटाला."

"वाच ती ईमेल," बायको म्हणाली. "मोठ्यानं वाच."

त्याने वाचली. "या रविवारी घरी कोणी नको. आठवडाभर मी लोकांची बोलणी ऐकते. मला एक सकाळ अशी हवी, की कोणाचाही आवाज नाही. तुमचाही नाही. जमेल? आणि खाली काकांचं उत्तर आहे. काम फत्ते."

एकदम सगळे गप्प झाले. मेहुण्याचा हुंदका अर्ध्यावर थांबला. वहिनीने हातातले झाकण अलगद पोटाशी धरले. साहेबांनी भाषण घडी करून खिशात घातले. प्लंबरने आत जाऊन ठिबकणारा नळ बंद केला. टिपणरावांना तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले होते.

बायकोने मान वर करून कानोसा घेतला. "अगदी असंच," ती हळूच म्हणाली. "असंच हवं होतं मला. बसा सगळे. कोणी बोलू नका हं."

आणि सगळे बसले. खुर्च्यांवर, पलंगावर, पालथ्या पातेल्यांवर. बायकोने चहा पुन्हा गरम करून आणला आणि खिडकीपाशी बसून डोळे मिटले. हळूहळू बाकीच्यांनीही मिटले. साहेबांचा चेहरा तर असा निवळला, की ते साहेब वाटेनात. टिपणरावांना मात्र राहवेना. पश्चात्तापाने त्यांचे काळीज भरून आले होते.

"अगं, चुकलंच माझं..."

"शूऽऽऽ!" अख्खे घर म्हणाले.

"नाही, पण मला खरंच..."

"जावईबापू," सासूबाई कुजबुजल्या, "जरा बाहेर जाऊन बसता का?"

दुपारी मंडळी निघाली ती एकेक करून बायकोचे हात हातात घेत. इतके सुंदर कार्य आजवर पाहिले नाही, असे सगळ्यांचे एकमत होते. पुन्हा कधी, असे साहेबांनी दोनदा विचारले. रहिवासी लिफ्टबद्दल एक अक्षर न बोलता गेले.

आता दर रविवारी हे कार्य असते. नवी आवृत्ती बायकोच्याही मोबाइलवर आली आहे आणि तिला ती भलतीच आवडली आहे. शनिवारी ती सगळ्यांना न विसरता आमंत्रणे पाठवते. लोक जोडे बाहेर काढून, चोरपावलांनी आत जातात.

परवा एक गृहस्थ पहिल्यांदाच आले होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर टिपणराव बसलेले पाहून त्यांनी दबक्या आवाजात विचारले, "आत जागा नाही का?"

"भरपूर आहे," टिपणराव म्हणाले. "घर माझंच आहे."

"मग तुम्ही बाहेर कसे?"

"मला आमंत्रण नाही," टिपणराव म्हणाले, आणि आतून लगेच "शूऽऽऽ!" आले.