रणयंत्र गडगड्याचे मूल्यमापन

लढाई कुणालाही करता येते; मूल्यमापनाला मात्र जाणती माणसं लागतात. लढाईत माणूस मरतो आणि विषय संपतो. मूल्यमापनात कुणी मरत नाही, त्यामुळे ते कितीही दिवस चालू शकतं. ही गोष्ट जळगावच्या मेहरूण भागातल्या पटसंग्राम मंडळाने (नोंदणी प्रलंबित) सन १९८८ पर्यंत चांगली आत्मसात केली होती.

मंडळाचं कार्यालय पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. लग्नाच्या पंगतीची दोन टेबलं जोडली की रणभूमी तयार. मधून निळी रिबीन टाकली की तापी, आणि दुमडलेलं गोणपाट ठेवलं की सातपुडा. खेळाचं मूळ पुस्तक कौतिकभाऊंच्या जहाजावर नोकरी करणाऱ्या साडूने परदेशातून आणलं होतं. त्यातली निम्मी पानं वाळवीने खाल्ली. उरलेल्या निम्म्या पानांचं भाषांतर स्वतः कौतिकभाऊंनी केलं. कौतिकभाऊ पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आरेखक होते आणि त्यांचं अक्षर असं होतं, की ते नियम लोक वाचण्यापेक्षा बघतच जास्त. जिंकायचं कसं, हे पान वाळवीच्या वाट्याला गेल्यामुळे मंडळाने ते बहुमताने ठरवलं: समोरच्याच्या टेबलाच्या कडेला ज्याचं सैन्य आधी पोचेल तो जिंकला.

बाकी नियम सोपे होते. नियम चार: प्रत्येक बाजूने पाचशे गुणांचं सैन्य आणावं; पायदळाचा शिपाई (एक चिंचोका) एक गुण, घोडेस्वार (सीताफळाची बी) पाच, तोफ (शिलाई मशीनची बॉबिन) वीस. नियम नऊ: खालची गिरणी सुरू असताना जे सैन्य हलेल ते स्वेच्छेने हललं असं समजण्यात येईल. नियम अकरा: कोणतंही वाहन वा यंत्र चालकाशिवाय हलवता येणार नाही, चालकाचा (चुन्याचा ठिपका दिलेला चिंचोका) एक गुण वेगळा धरावा. नियम चौदा: चहा दोन्ही सैन्यांना समान.

जळगाव विरुद्ध धुळे हा सामना दर दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी होई. धुळ्याचा सेनापती अभिमन पोस्टात टपाल लावायचं काम करी. तो घोडे आणत नसे, तोफा आणत नसे. आकाराप्रमाणे निवडलेले पाचशे चिंचोके आणी आणि ते टपालाच्या शिस्तीने पुढे सरकवी. धुळे सलग सात वर्षं जिंकलं होतं. ह्या सात वर्षांत जळगावचे एकूण ३,४१२ शिपाई कामी आले. (पैकी ६१ उंदराने खाल्ले, त्यांना मंडळाने हुतात्म्यांतच धरलं.)

सातव्या पराभवानंतर कौतिकभाऊ घरी आले ते थेट माळ्यावर चढले. ते खाली उतरले तेव्हा तीन वर्षं झाली होती. (मधल्या दोन दिवाळ्यांचे सामने सेनापती माळ्यावर असल्यामुळे तहकूब झाले.) त्यांच्या हातात एकोणीस इंच उंचीचं रणयंत्र होतं. फवारणीच्या पंपाची पितळी टाकी, स्टोव्हचे दोन बर्नर, सायकलची चेन, बेचाळीस दात्यांचं चक्र आणि छत्रीच्या आठ काड्या. (छत्री वच्छलाबाईंची. संमती घेतलेली नव्हती.) नाव, गडगड्या.

"अहो, पंप दुरुस्त केला की अजून बिघडवला?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"हे यंत्र आहे. धुळ्याची फौज उभी चिरडणारं."

"चिरडू दे. माझी छत्री कुठेय?"

कौतिकभाऊंनी आधीच पेन्सिलीने सगळं मांडून ठेवलं होतं: गडगड्या तीनशे, वीस घोडेस्वार शंभर, तीन तोफा साठ, पायदळ एकोणचाळीस, चालक एक. एकूण पाचशे. गडगड्या तीनशेत बसला, की आठव्यांदा हरायचं नाही. कौतिकभाऊंना आयुष्यात बढती दोनदा हुकली होती, मुलीच्या लग्नात फेटा सुटला होता. पण त्यांना हवा होता तो हा एकच रविवार.

अडचण एवढीच होती, की नियमपुस्तकात रणयंत्राचा भाव नव्हता. ते पान वाळवीने खाल्लं होतं. तेव्हा मंडळाने रीतसर मूल्यमापन समिती नेमली. समितीत तीन सदस्य होते आणि तिघांचाही युद्धाशी संबंध नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

अध्यक्ष तोताराम आप्पा. हे जकात नाक्यावरून निवृत्त झाले होते. त्यांनी गडगड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गंभीरपणे विचारलं, "हे आत येतंय का बाहेर जातंय?"

"आप्पा, हे लढायला जातंय."

"म्हणजे बाहेर. कुठल्या सदरात घालू? काड्या आहेत म्हणजे छत्री. पण कापड नाही म्हणजे छत्री नाही. बर्नर आहे म्हणजे स्टोव्ह. पण चहा होत नाही."

तीन बैठकांनंतर आप्पांनी यंत्राची नोंद 'किरकोळ, टोकदार' ह्या सदराखाली केली आणि तो प्रश्न कायमचा मिटला.

दुसरे सदस्य इसाक मिस्तरी. जळगावातले निम्मे स्टोव्ह त्यांच्या हातून गेले होते. त्यांनी यंत्र उचललं, कानाशी हलवलं आणि म्हणाले, "कौतिकभाऊ, ये बर्नर तो मेरा है."

"तात्पुरता घेतला होता, मिस्तरी."

"तीन साल हो गये."

मग त्यांनी बर्नर काही पेटवला नाही, खाली पीठ आहे हे त्यांना माहीत होतं. नुसती हवा भरली. गडगड्याने शिट्टी दिली, तो अकरा इंच चालला, तापी ओलांडली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तेल गाळत थांबला. एखादी वस्तू खरोखर चालते असा प्रकार मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होता. मिस्तरींनी शेरा दिला: "वॉशर नया डालो. फिर सातपुडा क्या, सीधा धुलिया जाएगा." (हा शेरा युद्धविषयक असल्यामुळे अहवालातून वगळण्यात आला.)

तिसरे सदस्य झुलाल नाना, दोंडाईच्याचे बैलांचे दलाल. मूल्यमापनात प्रत्यक्ष मूल्य माहीत असलेला एक तरी माणूस असावा, म्हणून त्यांना खास बोलावलं होतं. नानांनी आधी गडगड्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग शेपटी उचलायला गेले. शेपटी नसल्याचं टिपणात नोंदवलं. मग चक्रात बोट घातलं.

"येना दात कितला शेतस?"

"बेचाळीस, नाना."

"बेचाळीस!" नाना दोन पावलं मागे सरले. "आठ दातले बैल जुळस. हाऊ त पाच डाव जुळी ग्या!" (बैलाचे आठ दात पूर्ण आले, की तो 'जुळला', म्हणजे वयात आला.)

त्यानंतर त्यांना टाकीच्या पुढच्या बाजूची गोल स्प्रिंग दिसली. कपाळावर भोवरा. असा भोवरा मालकाला भोवतो हे नानांनी सांगितलं, कौतिकभाऊंनी ऐकलं आणि तिथे हजर असलेल्या प्रत्येकाने मान डोलावली. मूल्यमापनातलं हे एकमेव वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं, आणि ते बैलाबद्दल होतं.

आता भाव. बैलाचा भाव मोठ्याने बोलत नाहीत, ही बाजाराची रीत. दलाल मध्ये बसतो, रुमाल पसरतो, आणि रुमालाखाली एका हाताने विकणाऱ्याची, दुसऱ्या हाताने घेणाऱ्याची बोटं दाबतो. जितकी बोटं तितके शेकडे; पेरं दाबली की वरचे सुटे. गडगड्या विकायचा नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण भाव ठरवायचा तर समोर घेणारा हवाच. तेव्हा प्रतिपक्ष म्हणून खास धुळ्याहून आलेल्या अभिमनला घेणाऱ्याच्या जागी बसवण्यात आलं. विकणाऱ्याच्या जागी अर्थातच कौतिकभाऊ.

ह्या ठिकाणी हिशेब स्पष्ट करून ठेवलेला बरा. गडगड्याचा भाव जितका कमी ठरेल तितकं कौतिकभाऊंचं सैन्य मोठं. जितका जास्त ठरेल तितकं अभिमनचं काम सोपं. म्हणजे कौतिकभाऊंनी खाली ओढायचं आणि अभिमनने वर ढकलायचं. एवढं साधं होतं. सकाळी एसटीतून उतरताना अभिमनला हे पक्कं ठाऊक होतं, आणि कौतिकभाऊंच्या खिशात तर तो पेन्सिलीचा कागदच होता.

नानांनी रुमाल पसरला आणि कौतिकभाऊंची तीन बोटं दाबली.

तीनशे! पहिल्याच भावाला. कागदावर होते तेवढेच. कौतिकभाऊंनी नुसती मान हलवली असती, तर ही कथा इथे संपली असती. पण त्यांच्या पणजोबांपासून घरातला कुणीही माणूस पहिल्या भावाला 'हो' म्हणाला नव्हता. मेंदू कागदाचा विचार करत होता तेवढ्यात हाताने आपलं काम केलं. कौतिकभाऊंनी विंचू चावल्यासारखी बोटं ओढून घेतली.

"तीन वर्षं!" ते ओरडले. "आणि तीनशे?"

पलीकडे अभिमननेही तितक्याच वेगाने हात काढून घेतला. "नाना, डोळे तपासा. या डब्याचे तीनशे? दोनशेच्या वर एक दाणा नाही!"

"डबा? डबा कुणाला म्हणतो रे?"

"डबा नाहीतर काय? शेपटीसुद्धा नाही त्याला!"

"तुझ्या पाचशे चिंचोक्यांना आहे का शेपटी?"

अशा रीतीने दोन्ही सेनापती प्राणपणाने एकमेकांच्या फायद्यासाठी झगडू लागले. साडेतीनशे. अभिमनने कपाळाला हात लावला. चारशे. कौतिकभाऊ यंत्र काखोटीला मारून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. (हेही रीतीत बसतं. जिना उतरायचा नसतो.) साडेचारशे. अभिमनने पाणी मागितलं. चारशे ऐंशी. तो म्हणाला, "धुळ्यात तोंड कसं दाखवू?" आप्पांनी हे वाक्य बाहेर जाणाऱ्या मालात नोंदवलं.

शेवटी नानांनी दोघांचे हात घट्ट धरले. "चारशे नव्व्याण्णव. भाऊ, आते सोड. एक गुणनी गोट शे."

अभिमनने पडलेल्या चेहऱ्याने मान हलवली. त्याच्या बाजूने झालंच होतं. इसाक मिस्तरींनी मागून कौतिकभाऊंचा सदरा ओढला. "भाऊ, एक छोड दो. एक लगेगा."

कौतिकभाऊंना वाटलं, मिस्तरी पुन्हा बर्नर मागताहेत. त्यांनी सदरा सोडवून घेतला, छाती पुढे काढली आणि तीन वर्षांच्या माळ्याला, दोन हुकलेल्या बढत्यांना आणि एका सुटलेल्या फेट्याला स्मरून म्हणाले:

"पाचशे. एक दाणा कमी नाही."

नानांनी रुमाल झटकला. "पाचशे!" टाळ्या पडल्या. गूळ वाटला. आप्पांनी अहवालावर शिक्का मारला. (शिक्का जुन्या नाक्याचा होता, 'तपासून सोडले'.)

कौतिकभाऊ गडगड्याला खांद्यावर घेऊन घरी पोचले. "पाचशेला गेला!" त्यांनी दारातूनच सांगितलं.

वच्छलाबाईंनी खांद्याकडे बघितलं. "गेला म्हणता, मग घरी कसा परत आला?"

हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा होता.

पुढच्या रविवारी सामना झाला. टेबलाच्या एका कडेला पाचशे चिंचोके, ओळीने, पिनकोडप्रमाणे. दुसऱ्या कडेला गडगड्या. एकटा, पितळ घासून लखलखीत, नवा वॉशर घातलेला. धुळ्याच्या मंडळींचे चेहरे पाहून कौतिकभाऊंचं पोट तिथेच भरलं. त्यांनी हवा भरली आणि कळ दाबायला बोट पुढे केलं.

"चालक?" अभिमनने विचारलं.

कौतिकभाऊंनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर त्यांच्याच सुंदर अक्षरात, काळ्या शाईने, खाली दुहेरी रेघ मारून नियम अकरा लिहिलेला होता. त्यांनी खिसे चाचपले. पेन्सिलीचा कागद निघाला, चुन्याची डबी निघाली. एक गुण काही निघाला नाही. ठेवायला चिंचोके पुष्कळ होते. पाचशेच्या पाचशे गुण भावातच संपले होते.

पाचशे चिंचोके गडगड्याच्या दोन्ही बाजूंनी, कुठेही धक्का न लावता, बाजारातून वाट काढावी तसे पुढे गेले. अर्ध्या तासात ते कडेपासून दोन बोटांवर आले. त्याच वेळी खाली कुणीतरी ज्वारी टाकली आणि गिरणी सुरू झाली. टेबल थरथरलं. गडगड्या हलला. दीड इंच, मागे. नियम नऊप्रमाणे ती स्वेच्छेने घेतलेली माघार ठरली, आणि गडगड्या आपल्याच कडेवरून थेट इसाक मिस्तरींच्या मांडीत उतरला. मिस्तरींनी आपला बर्नर काढून घेतला.

जळगाव आठव्यांदा हरलं. पण परत जाताना एसटी स्टँडवर दोघांचे चेहरे पाहणाऱ्याची फसगत झाली असती. अभिमन मान खाली घालून उभा होता. "जिंकलो हो," तो म्हणाला, "पण पाचशेला पडलं. दोनशेचा माल!" आणि कौतिकभाऊ त्याच्या पाठीवर हात ठेवून, मोठ्या मनाने, त्याची समजूत काढत होते. ऐकतो ते असं, की धुळ्यात त्याच हिवाळ्यात नवीन यंत्राचं काम सुरू झालं. ते पाचशे एकच्या खाली द्यायचं नाही, असा ठराव आधी झाला, यंत्र नंतर.

आता कौतिकभाऊंना कुणी हसत असेल तर हसो. फक्त एक सांगावं. नियम अकरा तुम्हाला दोनदा सांगितला होता, एकदा भिंतीवर दिसण्याच्या कितीतरी आधी आणि एकदा कौतिकभाऊंच्या खिशातल्या कागदावर. तो वाचून तुम्ही पुढे गेलात. आणि चारशे नव्व्याण्णववर गाडी अडली तेव्हा, खरं बोला, तुम्हालाही वाटलंच ना: आता एकासाठी कशाला सोडायचं?

समितीत एक जागा रिकामी आहे. येताना रुमाल आणावा.