विरोधक पाहिजे

"कार्यक्रमाला माझी ना नाही, बाई," प्राचार्य म्हणाले, "पण दोन्ही बाजू यायला हव्यात. कॉलेजनं एकाच बाजूला माइक दिला, असं उद्या कोणी म्हणायला नको. विरोधात बोलणारा आणा आणि सभागृह घ्या. नाही मिळाला, तर सगळंच रद्द."

रसायनशास्त्राच्या बाई केबिनमधून जवळजवळ हसतच बाहेर पडल्या. एलजीबीटी जागरूकता सप्ताह ठरल्यापासून स्टाफरूममध्ये नाकं मुरडणाऱ्यांना तोटा नव्हता. विरोधक काय, हात लांब केला की सापडेल!

त्या पहिल्यांदा शिस्त समितीच्या सरांकडे गेल्या. "काय ही थेरं," असं रोज चहाबरोबर म्हणणारे ते हेच.

"मी? विरोध?" सरांनी घाईनं कप खाली ठेवला. "छे हो! माझं आपलं सहज बोलणं. माइकवर कशाला?"

ग्रंथपालांचा नेमका घसा बसला होता. कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे म्हटल्यावर, तो पुढच्या महिन्यातही बसणार असल्याचं त्यांनी खुणेनं सांगितलं. इतिहासाच्या बाई तर "मी बाजूनं बोलू का?" म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. इतके दिवस जीव नकोसा करणारा विरोध ऐन गरजेला कुठे गडप झाला, हे बाईंना कळेना.

मग त्यांना एक पक्का, न डगमगणारा विरोधक आठवला. तो घरातच होता.

अप्पा, म्हणजे बाईंचे वडील, निवृत्त वकील. आपलं एका मुलावर प्रेम आहे आणि त्याच्याबरोबरच संसार करणार, असं धाकट्या मुलानं सांगितलं, त्या दिवसापासून अप्पांनी त्याचं नाव टाकलं होतं. भाऊ पुन्हा घरात यावा म्हणून तर बाई या सप्ताहात पडल्या होत्या. आता त्याच अप्पांच्या हातात माइक द्यायचा? बाईंना स्वतःचीच लाज वाटली. पण तयारी करून थकलेल्या मुलामुलींना रद्द म्हणून सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

"घेतली केस," अप्पा ताठ बसत म्हणाले. "पण समोरचा काय बोलणार ते आधी कळलं पाहिजे. त्याची केस त्याच्यापेक्षा चांगली पाठ असल्याशिवाय मी कधी कोर्टात उभा राहिलो नाही."

बाईंनी विद्यार्थ्यांची पत्रकं पुढे केली. अप्पांनी ती बाजूला सारली. "उलटतपासणीला माणूस दे."

"माझ्या ओळखीचा एकच आहे, अप्पा. तुमच्याही."

अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "कामापुरतं बोलेन," ते म्हणाले. "लाव फोन."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दार लावून फोनवर कोर्ट भरू लागलं. आतून "हरकत!" ऐकू यायचं, "मुद्द्याचं बोल!" ऐकू यायचं.

"आई, भांडतायत गं!" बाई कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणायच्या.

"भांडू देत. बोलतायत ना?"

एकदा तर आतून चक्क हसू ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी जेवताना अप्पांनी मध्येच विचारलं, "तिकडे त्याच्या दम्याचं कोण बघतं?" हा मुद्दा कुठल्या बाजूचा, ते बाईंना समजेना.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं आणि विरोधी बाजूची खुर्ची तेवढी रिकामी राहिली. अप्पा सकाळीच घरातून निघाले होते. "विरोधक नाही, तर कार्यक्रम नाही," प्राचार्य पुटपुटले. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"अप्पा, आहात कुठे? सगळे खोळंबलेत!"

"तुझ्या भावाकडे. म्हटलं, एकदा जागेवर जाऊन पाहावं. तो त्याचा... तो दुसरा मुलगा, फार तिखट आहे गं. पाणी दिलं आणि समोर बसून विचारतो, इतकी वर्षं कुठे होतात?" अप्पा कुजबुजत होते. "मला असं कुणी गप्प केलं नव्हतं. तू हुशार आहेस, काहीतरी उत्तर सुचव."

बाईंना रडूही आलं आणि हसूही.

"उत्तर नाहीये, अप्पा. तसंच सांगा त्याला."

इकडे प्राचार्यांनी "विरोधात आहे का कोणी?" असं सभागृहाला विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. नियम स्वतःचाच, त्यामुळे शेवटी तेच त्या खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, मी बोलायचं काय?"

बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. फोनवर अप्पा परत आले होते.

"सांगितलं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय! म्हणाला, हात धुवा, वाढतो. ठेव आता, दोघं थांबलेत माझ्यासाठी."