झिरोभाऊंची खुर्ची

गिऱ्हाइकाकडे पाठ करून धंदा करणारा माणूस अख्ख्या पिंपळगाव राजात एकच, आमचे झिरोभाऊ. घरांचे नकाशे काढून देतात. तुम्ही त्यांच्या पायरीवर उभे राहिलात की तुम्हाला दिसते त्यांची पाठ, मान आणि उजवा कान. घर तुमचं, पैसा तुमचा, पण बोलायचं त्या कानाशी. माझं चपलांचं दुकान शेजारीच असल्यामुळे त्या कानावर रुसून गेलेली गिऱ्हाइकं मी रोज पाहतो.

खरं नाव भास्कर. कॉम्प्युटरवर रेघ ओढताना तिचा कोन सांगावा लागतो आणि तो उगवतीपासून मोजतात, हे ते तरुणपणी शिकून आले आणि गावाच्या मानगुटीवर बसले. उगवती म्हणजे झिरो. तिथून डावीकडे वळत गेलं की नव्वदवर उत्तर, एकशे ऐंशीवर मावळती. घड्याळाच्या काट्यासारखं उजवीकडे फिरेल ते सगळं मायनस. चहा मागा, उसने मागा, ते आधी विचारणार, "झिरो कुठं हाय ते सांग बे!"

एका गाडीवाल्याने शेगावचा रस्ता विचारला, तर म्हणाले, "झिरोच्या जराक वर. दहाक डिग्री." ती गाडी अजून कुणाच्या तरी पऱ्हाटीच्या शेतात फिरत असणार.

स्वतःच्या लग्नातही दुसऱ्याच फेऱ्याला थांबले. "महाराज, हे मायनसमंधी चाललं!" भटजी म्हणाले, "मायनस तं मायनस, तुम्ही चाला. जेवण थंडं होऊन राह्यलं."

नवरी, म्हणजे कुसुमवहिनी, पदराआड हसल्या आणि पुढे जन्मभर हसतच राहिल्या. "जाळा तो झिरो, आधी मीठ आणा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वहिनी बाजारात शिरल्या की वांगी आपणहून स्वस्त व्हायची. भाजीवाले त्यांना पाहून दुकानावरचं पाल खाली ओढत, असंही मी सांगेन, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

झिरोभाऊंच्या नकाशावर एक गोष्ट कधीच नसायची. कोन कुठल्या बाजूने मोजायचा, ते दाखवणारा बाण. कुणी मागितला की उखडत. "बाण कायले? तीस म्हंजे तीस! ज्याले समजत नाई त्यानं तंबू ठोकावा."

मग वहिनींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. खाटेवरून दिसायची ती शेजारच्या गोठ्याची भिंत. कितीतरी दिवस त्या बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा एवढंच, "मले बाजार पाह्यचा हाय."

झिरोभाऊंनी रातोरात नकाशा काढला. घराच्या आवारात नवी खोली, झिरोपासून तीस डिग्री वळवलेली, म्हणजे उगवतीच्या डावीकडे. खिडकी सरळ बाजारावर. कागदावर लिहिलं तीस. बाण नाही.

आखणीच्या दिवशीच वहिनींना अकोल्याला दवाखान्यात न्यावं लागलं आणि दोघांचा मुक्काम तिथेच लांबला. गफ्फार मिस्तरीने तीस वाचलं आणि इमानदारीने खोली वळवली. उजवीकडे. झिरोभाऊ परतले तेव्हा स्लॅब टाकून झाला होता. खिडकीतून बाजाराचं टोकही दिसत नव्हतं. दिसत होत्या आमच्या दुकानांच्या मागच्या बाजू, गंजके पत्रे, आणि झिरोभाऊंच्या दुकानाचं मागलं दार.

"घड्याळ तं असंच फिरते ना, भाऊ," गफ्फार रडकुंडीला आला. "मी पाडून देतो. मजुरी नोका देऊ."

आता गाव हादरणार म्हणून मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होतो. झिरोभाऊ हळूच म्हणाले, "बाण मीच नाई काढला." पाडून पुन्हा बांधण्याइतकी सवड वहिनींपाशी नव्हती, हे अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

वहिनींना नव्या खोलीत आणलं, त्या पहिल्या संध्याकाळी झिरोभाऊंनी भीतभीत विचारलं, "काय दिसलं?"

"बाजार नाई दिसत," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर तुमची पाठ दिसली."

दुसऱ्या दिवशी झिरोभाऊंनी दुकानातली खुर्ची फिरवली. कॉम्प्युटर फिरवला. तोंड मागल्या दाराकडे, पाठ गावाकडे. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन यायचे आणि दारातून एकेक जिन्नस उंच धरायचे. वांगं, गवार, कोथिंबिरीची जुडी. मग बोटांनी भाव दाखवायचे. तिकडून खिडकीत डावा हात नुसता झटकला जायचा. महाग! की हे निघाले परत बाजारात, भाव पाडून आणायला. नकाशाला आलेलं गिऱ्हाईक पायरीवर ताटकळत. आणि वहिनी हसायच्या, अर्ध्या तोंडाने. मी माझ्या मागल्या दारातून पाहिलंय.

या हिवाळ्यात वहिनी गेल्या.

तेरवी झाल्यावर झिरोभाऊ दुकान उघडणार, म्हणून मी आधीच जाऊन त्यांची खुर्ची रस्त्याकडे वळवून ठेवली. ते आले, ती पुन्हा फिरवली आणि बसले.

"भाऊ, सरळ करून ठेवली होती," मी म्हणालो.

"हे सरळच हाय."

परवाच्या बाजाराला त्यांनी पिशवीतून एक वांगं काढलं, खिडकीकडे उंच धरलं, थोडा वेळ थांबले. मग पिशवी उचलून परत बाजारात गेले, भाव पाडून आणायला.