जानरावकाका गेले

जानरावांना आपल्या निधनाची बातमी कळली तेव्हा ते दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता, आणि सून आरती हातात मोबाइल घेऊन मोरीपाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, ग्रुपवर तुमाले श्रद्धांजली वाहून राह्यले."

"कोन?"

"सगळेच. बाळापूरवाले धर्मेंद्रभाऊ तं रडून राह्यले."

धर्मेंद्र रडतोय म्हटल्यावर जानरावांनी रेझर खाली ठेवला. त्यांच्या जिवाला जे काही झालं होतं ते या धर्मेंद्रमुळेच झालं होतं.

ग्रुपचं नाव 'सूर वऱ्हाडाचे'. अमरावती-अकोल्याकडच्या हौशी मंडळींनी कराओकेवर गाणं म्हणायचं, रेकॉर्ड करून टाकायचं, आणि बाकीच्यांनी ते न ऐकता 'क्या बात है' लिहायचं, असा तिथला रिवाज. कोण कोणाच्या बाजूनं हे मात्र रोज बदलायचं. काल ज्याला उस्ताद म्हटलं त्याच्याच तालात आज खोट काढायची, आणि संध्याकाळी वाढदिवस निघाला की पुन्हा उस्ताद. अमरावतीच्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले जानराव या ग्रुपातले मानाचे गायक होते. उमेदीच्या काळात त्यांनी लग्नाच्या मांडवांतून आणि गणपतीच्या स्टेजवरून गाणी गाजवली होती. तेव्हा शेजारी बेंजो वाजवायला अकोल्याचा वली असायचा. त्याचं जुन्या शहरात लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि जानरावांना जगात जवळचा म्हणावा असा तो एकच मित्र होता.

आदल्या दिवशी जानरावांनी एक दर्दभरं गाणं टाकलं. धर्मेंद्रनं खाली लिहिलं, 'काका, गाणं छान. कोणत्या पट्टीत म्हटलं तेवढं कळलं नाही. शाळेतली लाकडी पट्टी होती का?' त्यावर हसणारे चेहरे आले. कालपर्यंत जानरावांना गुरुजी म्हणणारेही त्यात होते. हे सगळं जानरावांनी गिळलं असतं. पण मग त्या ओळीखाली एक अंगठा उमटला, आणि तो वलीचा होता.

जानरावांनी त्याच मिनिटाला ग्रुप सोडला आणि फोन बंद करून गादीखाली टाकला.

हल्ली कोणी ग्रुप सोडला की ते फक्त अ‍ॅडमिनला दिसतं. अ‍ॅडमिन होता कुलदीप, धामणगावच्या एका जिनिंगमध्ये कामाला. सकाळी त्यानं फार मनापासून लिहिलं, 'मित्रांनो, जानरावकाका गेले. जायला नको होते. आपण त्यांना फार दुखावले.' आणि तो कामावर गेला. आत कापूस असल्यामुळे मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो. त्यामुळे पुढं काय पेटलं ते विझवायला तो नव्हता.

आता मराठीत माणूस भाजी आणायला गेला तरी 'गेला' आणि कायमचा गेला तरी 'गेला'च. त्यात कोणीतरी जानरावांना मागच्या आठवड्यात बीपीच्या डॉक्टरकडे पाहिलेलं. मग काय विचारता! हात जोडलेले, दिवे लावलेले, फुलं वाहिलेली, सगळी चित्रं धडाधड येऊ लागली.

"धर्मेंद्रचं वाच," जानराव म्हणाले.

आरतीनं वाचलं. 'वऱ्हाडाचा बुलंद आवाज हरपला. काकांसारखा पक्का सूर पुन्हा होणे नाही. मी त्यांच्या पायाशी बसून शिकलो.'

"बाप्पा! कवा बसला हा मायाजवळ?" जानराव म्हणाले, पण चेहऱ्यावर फेसाच्या आड हसू होतं. "अजून वाच."

स्वयंपाकघरातून दुर्गाबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या. "मायं कुंकू पुसून राह्यले लोक, अन् तुमी अजून वाच, अजून वाच करून राह्यले? आरती, लिहून टाक, माणूस जित्ता हाय म्हणून!"

आरतीनं टाइप करायला घेतलं. ती ग्रुपात होती, पण कधी बोलत नसे. नावाजागी नुसतं जास्वंदीचं फूल होतं, म्हणून ही त्यांची सून हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

"थांब थोडी," जानराव म्हणाले. "वलीनं काय लिहिलं?"

आरतीनं वर-खाली पाहिलं. "वलीचाचानं काईच नाई लिहिलं."

"पाह्यलं असंल ना त्यानं?"

"असंलच. सकाळी ऑनलाइन दिसले व्हते."

जानरावांचं हसू मावळलं. ज्यांना जानराव हे नावही धड लिहिता येत नव्हतं ते 'पोरका झालो' म्हणत होते, आणि ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्याच्याकडून साधं फूल नाही. काल अंगठा दाखवला, आज तेवढंही नाही. "राहू दे," ते म्हणाले. "जित्ता हाय म्हणून सांगू नको. लिहितो का नाई ते पाहू."

जेवणं झाली तरी वलीचं काही आलं नाही. इकडे स्तुती मात्र वाढतच होती. माणूस कितीही शहाणा असला तरी इतकं वाचल्यावर त्याचा गळा खवखवणारच. दुपारी जानरावांनी आतल्या खोलीत कराओकेचा माइक काढला आणि तेच दर्दभरं गाणं, आता पक्क्या सुराचा माणूस म्हणून, पुन्हा सुरू केलं.

तेवढ्यात दाराशी वली आला. डोक्यावर पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत गुलाबाचा हार. दुर्गाबाई लगबगीनं पुढं आल्या. "वलीभाऊ, आवो..." एवढंच त्या म्हणाल्या.

वलीनं हात वर करून त्यांना थांबवलं. आतून आवाज येत होता. "त्याची रेकॉर्ड लावली काय भाबी? वाजू द्या. बंद नका करू." तो ओसरीवरच्या खुर्चीत बसला आणि डोळे पुसू लागला.

आतल्या गायकानं वरचा सूर गाठायचा प्रयत्न केला आणि नेहमीच्या जागी घसरला.

वली रडता रडता हसला. "अस्साच घसरे तो. साऱ्या उमरभर तिथंच घसरला. ती जागा आली का म्या बेंजो जोरात वाजवे, कोनाले समजू नये म्हणून. त्याले बी नाई समजू दिलं. आता या कराओकेत बेंजो कुठचा? उघडा पडला बिचारा." त्यानं नाक ओढलं. "काल धर्मेंद्रचं ते वाचलं, अन् वाचलं म्हणून अंगठा लावला. आमच्या दुकानात तसंच हाय, वाचलं का अंगठा. मंग ध्यानात आलं का त्याले लागलं असंल. फोन लावला तं बंद. शेवटचं काय केलं म्या त्याच्यासाठी? अंगठा दाखवला."

आत गाणं थांबलं होतं. पडद्याशी जानराव उभे होते, हातात माइक. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

वलीनं वर पाहिलं.

"जित्ता हाय तू?"

"हो, म्हंजे... त्यायचा गैरसमज झाला बे. म्या ग्रुप सोडला व्हता नुसता."

"अन् तुले मालूम व्हतं?"

"सकाळीच समजलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

जानरावांना खरं तेच सांगावं लागलं. "तू काई लिहिलं नाई ग्रुपवर. म्हटलं पाहू, लिहितो का."

"लिहाले बसलो असतो तं गाडी चुकली असती," वली म्हणाला.

जानरावांना स्वतःची फार लाज वाटली. चार खोट्या फुलांसाठी त्यांनी या माणसाला अकोल्यापासून रडत आणलं होतं. दुर्गाबाईंनी चहा ठेवला, पण वली उठला. हार त्यानं दाराच्या खिळ्याला अडकवला. "गाडीत तुयं नाव दिसे फोनमंदी. पाह्यल्या नाई गेलं. म्या तुया नंबर मिटवून टाकला बे," असं म्हणून तो चालता झाला. जानराव गल्लीच्या तोंडापर्यंत हाका मारत गेले, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी कुलदीप जिनिंगमधून बाहेर आला आणि फोन पाहून हादरला. त्यानं खुलासा टाकला. मग जी पळापळ झाली! सकाळची फुलं, दिवे, हुंदके, सगळ्यांच्या जागी एकाखाली एक 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी रांग लागली. धर्मेंद्रनं 'काका, शतायुषी व्हा' लिहिलं आणि पक्क्या सुराची ओळ सर्वांत आधी पुसली. जानरावांना पुन्हा ग्रुपात घेतलं. त्याच रात्री वली बाहेर पडला. कुलदीपनं या वेळी फार जपून लिहिलं, 'वलीचाचांनी ग्रुप सोडला आहे. त्यांची तब्येत उत्तम आहे.'

त्यानंतर जानरावांच्या गाण्यांना कोणी नावं ठेवेना. मेलेल्या माणसाला बोलल्याचा धसका सगळ्यांनी घेतला होता. घसरलेल्या सुरालाही 'क्या बात है' यायचं, आणि ते वाचून जानरावांना गोड लागत नसे. त्या जागेशी आले की त्यांचे कान आपोआप बेंजोकडे लागत, आणि तिथं बेंजो नसे.

शेवटी एके दिवशी त्यांनी ते दर्दभरं गाणं पुन्हा म्हटलं आणि ग्रुपवर न टाकता एकट्या वलीला पाठवलं. माफीचे दोन शब्द लिहायचं मनात होतं, पण लिहायला घेतलं की काहीच बरोबर वाटेना. गाणं तेवढं गेलं. वलीनं ते ऐकलेलं दिसलं, पण उत्तर नाही. दुर्गाबाईंनी जेवायला हाक मारली तरी जानराव फोन धरून बसूनच होते.

मग उत्तर आलं.

'कोन बोलून राह्यलं ते मालूम नाई. नंबर सेव्ह नाई. पन वरच्या सुरात घसरले तुमी. एखादा बेंजोवाला पाहा.'

जानरावांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. हो म्हणावं, ये म्हणावं, माफ कर म्हणावं, बरंच काही दाटून आलं आणि बोटांना यातलं एकही जमेना. म्हणून त्यांनी त्या ओळीखाली एक अंगठा लावला, आणि अकोल्यात तो आता कसा वाचला जाईल या काळजीनं त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही.