जाऊ का, भाऊ?

सायकलवाल्याला ओलांडण्याआधी त्याची परवानगी मागणारा ड्रायव्हर मी आयुष्यात एकच पाहिला. रशीदभाई. मारेगाव ते वणी त्यांची काळी-पिवळी जीप धावायची. धावायची म्हणजे आपली नावाला. पुढे सायकल दिसली की त्यांचा पाय ब्रेकवर गेलाच. जीप सायकलच्या बरोबरीला आणायची, खिडकीतून मान बाहेर काढायची आणि विचारायचं, "जाऊ का, भाऊ?" तो 'जा' म्हणाला की हात कपाळाला लावून "मेहेरबानी" म्हणायचं, मग पुढे.

मी वणीला कापडाच्या दुकानात कामाला होतो. रोज याच जीपने जायचो आणि रोज उशिरा पोचायचो. मालक विचारायचे, "काहो, जीपनं आले का रेंगीनं?" रेंगीला निदान बैल असतात, हाकता तरी येतात. रशीदभाईंना कोण हाकणार?

रस्त्यावरच्या लोकांची मात्र फुकटात करमणूक. शाळेच्या पोरी मुद्दाम घोळक्याने सायकली चालवत आणि "थांबा चाचा, इचार करून सांगतो" म्हणत खिदळत. एकदा एक टवाळ चक्क "नाही" म्हणाला, तर हा गृहस्थ खरोखर त्याच्या मागे राहिला. शेवटी तोच कावला. "जाय ना बाप्पा! मी काय कलेक्टर हाओ?" म्हणत सायकल बाजूला घेऊन उभा राहिला.

पण खरा कहर व्हायचा किसनबाबापाशी. फाट्याच्या पुढे हा म्हातारा रोज भेटायचा. अंगात बंडी, हँडलला डबा. "जाऊ का, बाबा?" म्हातारा ना मान वळवी, ना तोंड उघडी. मग तो शेताकडे वळेपर्यंत जीप त्याच्या मागे मागे. मागच्या फळीवर लटकलेले लोक ओरडत, "अबे, बहिरा हाये तो! हॉर्न मार!"

हॉर्न कुठला? त्याची तार रशीदभाईंनी स्वतःच कापली होती. स्टिअरिंगखाली लोंबत असायची.

एके दिवशी उशीर झाला म्हणून मालकाने माझा खाडा मांडला. मी तडक वणीच्या स्टँडवर जाऊन रशीदभाईंना गाठलं. "तुम्ही हॉर्न काहून नाही वाजवत? त्या बहिऱ्यापायी माझी नोकरी जाईन!"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "तो बहिरा नाही, भाऊ."

मग म्हणाले, "ते फवारनीचं साल आठवते ना?"

ते कोण विसरेल? कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अळी हटत नव्हती, आणि पाठीवर विषारी औषधाचा पंप घेऊन गेलेली माणसं डोळे चोळत, ओकत घरी येत होती. ज्याच्याकडे जीप, त्याला बोलावणं. रशीदभाई हॉर्नवरचा हात न काढता वणीचा दवाखाना गाठायचे. पुढे पुढे तो हॉर्न ऐकला की रस्त्याकडेच्या बाया दारात येऊन उभ्या राहत. आज कोणाचा माणूस, म्हणून.

"एक दिवस किसनबाबाच्या पोराले घेऊन निंघालो. मजुरीनं फवारा माराले गेलता. पुढे एक सायकल, हटेचना. म्या हॉर्न दाबला, वरून शिवी देल्ली. सायकलवाला नालीत पडला. कोन पडला ते म्या पाह्यलंही नाही." त्यांनी बशी दूर सारली. "मंग कळलं, तो त्याचा बाप होता. बाजाराले चालला होता. त्याले काही मालूमच नोतं."

पोरगा दुपारीच गेला. बाप तेव्हा दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर बाजारात मिरच्या घेत होता. घरी परतल्यावर त्याला कळलं.

"थांबलो असतो त भेट झाली असती. हे परवानगी-गिरवानगी बहाना हाये, भाऊ. मी तोंड पाहून घेतो. कोनाचा बाप हाये, कोनाचा भाऊ."

माझा राग कुठल्या कुठे पळाला.

पुढच्याच आठवड्यात एक दिवस फाट्यापुढे नेहमीसारखा किसनबाबा दिसला. जीप बरोबरीला गेली. "जाऊ का, बाबा?"

म्हातारा पहिल्यांदाच सायकलवरून उतरला. त्याने खिडकीवर हात ठेवला.

"पोरगं काही बोललं होतं काय रे गाडीत?"

रशीदभाईंनी काहीही खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "तुमालेच इचारत होता, बाबा. बाबा कुठं हाये म्हने. म्या म्हनलं, येऊन राह्यला मागून."

म्हाताऱ्याने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"मागूनच येत होतो मी," तो म्हणाला. मग खिडकीवरचा हात काढून घेतला. "जाय आता. लोकायले उशीर होऊन राह्यला."

रशीदभाईंनी गाडी पुढे काढलीच नाही. किसनबाबा सायकलवर बसून निघाला आणि आम्ही त्याच्या मागून, तो शेताकडे वळेपर्यंत. मागच्या फळीवरून कोणी ओरडलं नाही.